झुरळं गेली, कोळी ठेवले: ठाण्यातल्या आमच्या पेस्ट कंट्रोलवाल्यांबद्दल

कोळी मारायचे वेगळे पैसे द्यायला मी तयार होते आणि समोरच्या माणसाने ते घेतले नाहीत. "वहिनी, कोळ्यावर फवारा मारला तर तुमचे पैसे जातील, कोळी नाही जायचे," असं तोंडावर सांगून त्याने पिशवीतून टॉर्च काढला आणि सरळ फ्रिजमागे डोकं घातलं. घाबरलेल्या गिऱ्हाइकाकडून पेस्ट कंट्रोलवाले काय काय उकळतात ते ठाण्यात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. घरात एक ढेकूण नसताना ढेकणांचं पॅकेज गळ्यात मारून घेतलेली माणसं माझ्याच नात्यात आहेत. म्हणून या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

नाव मात्र लिहीत नाही. तीन माणसांचा धंदा, नौपाड्यात एक गाळा आणि दोन स्कूटर. आत्ताच सकाळी केलेला फोन संध्याकाळी उचलतात. त्यात आणखी दहा जणांनी फोन लावले तर माझ्या घरी यायला त्यांना दिवाळी उजाडेल. स्वार्थीपणा आहे, असू दे. ओळखीपाळखीतून ज्यांना सापडतील त्यांना सापडोत. बाकीच्यांनी आपापल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला चार प्रश्न विचारायला खालचा मजकूर वापरावा.

आमचं घर वर्तकनगरच्या बाजूला, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. वन बीएचके. स्वयंपाकघराच्या मागे डक्ट, आणि सगळ्या इमारतीच्या मोऱ्यांचे पाइप त्या डक्टमधून खाली उतरतात. हॉलच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. पाहुणे वा वा करतात, पण पहिला पाऊस पडला की डोंगरावरचं जे जे उडू शकतं ते आमच्या ट्यूबलाइटपाशी येऊन बसतं. त्यात मी घरून भाजणी, मेतकूट आणि डांगराचं पीठ विकते. म्हणजे जांभळी नाक्यावरून डाळी-तांदळाची पोती आणि डब्यांची खोकी सतत घरात येणार. झुरळाला घरात शिरायला पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी सोय नाही. पुठ्ठ्याच्या पदरांमध्ये अंडी, पिल्लं, सगळा संसार बसून येतो.

सोसायटीने एका कंपनीशी ठरवलेलं होतं. दर तीन महिन्यांनी दोन मुलं पाठीवर पंप लावून यायची, ओट्याखाली, मोरीत, दाराच्या कडांना फवारा मारायची, वहीत सही घ्यायची आणि वरच्या मजल्यावर जायची. घरभर वास, भांडी परत घासा, सासूबाईंना खोकला. आठवडाभर झुरळ दिसायचं नाही, मग शेजारच्या काकूंकडून तक्रार यायची की त्यांच्याकडे वाढली आहेत. त्यांच्याकडे फवारा झाला की आमच्याकडे. डक्टमधून त्यांची येजा चाललेली. या नव्या पेस्ट कंट्रोलवाल्या दादांनी याचं कारण सांगितलं ते पटण्यासारखं आहे: या फवाऱ्यांतली बरीचशी औषधं झुरळाला झोंबतात, त्यामुळे फटीत बसलेली झुरळं मरण्याआधी बाहेर पळतात आणि जिथे औषध नाही अशा फटी धरतात. शिवाय अंड्यांच्या कोशात फवारा शिरत नाही. म्हणजे पंप मारून झाला की पुढची पिढी जागच्या जागी सुखरूप.

आता त्यांची पहिली फेरी. माणूस येताक्षणी औषध काढत नाही, ही मला आवडलेली पहिली गोष्ट. तासभर नुसतं बघणं चाललं होतं. सर्वांत खालची ट्रॉली बाहेर ओढून तिच्या रुळांमागे टॉर्च. मिक्सर उलटा करून खालची जाळी. फ्रिजच्या दाराचं रबर बोटाने उलगडून आत काय आहे ते. गॅसचा पाइप भिंतीतून जिथे येतो ते भोक. आणि मग त्याने जेवणाच्या टेबलावरचं घड्याळ उतरवलं. मी म्हटलं, "दादा, तिथे काय असणार?" त्याने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि घड्याळाच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या. आतून लहान लहान झुरळं टपाटप कागदावर पडली, आणि त्यांच्याबरोबर मिरपुडीसारखी काळी बारीक विष्ठा. आम्ही त्याच घड्याळाखाली रोज जेवत होतो. सासूबाईंनी हातातली वाटी तिथेच ठेवली.

ही लहान, भुऱ्या रंगाची, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली, ती जर्मन झुरळं. मोरीतून येणारं मोठं तांबडं झुरळ वेगळं. ते गटारात राहतं, रात्री फेरफटका मारायला वर येतं, त्याला मोरीच्या जाळीने अडवता येतं. लहान जात मात्र माणसांच्या घरांबाहेर कुठे राहतच नाही. तिची मादी अंड्यांचा कोश पोटाच्या टोकाला धरून हिंडते, पिल्लं बाहेर पडायची वेळ होईपर्यंत टाकत नाही, आणि एकेका कोशात तीस-चाळीस अंडी असतात. नाव जर्मन असलं तरी जात मूळची आपल्याच बाजूची आहे. भारत-म्यानमारच्या पट्ट्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती वेगळी झाली, असं २०२४ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. हे सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "म्हणजे माहेरीच आली म्हणायची."

उपाय जेलचा. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी नळी, तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके. कपाटाच्या बिजागरीच्या आतल्या बाजूला, ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजच्या मोटरपाशी, घड्याळाच्या खिळ्याजवळ. हाताला लागेल, पोरांच्या बोटाला येईल अशा ठिकाणी एकही नाही. आमच्याकडे वापरलेल्या नळीवर इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असं लिहिलेलं होतं; काही जण फिप्रोनिलचं ०.०५ टक्के जेल वापरतात. खुबी अशी की झुरळ ते खाऊन तिथल्या तिथे मरत नाही. फटीत परत जातं, तिथे मरतं, आणि पिल्लं त्याची विष्ठा आणि खुद्द त्याला खातात. मग पिल्लंही मरतात. जी फटीबाहेर येतच नाहीत त्यांच्यापर्यंत औषध पोहोचवायला दुसऱ्या झुरळालाच कामाला लावायचं. किळसवाणं आहे, पण डोकं आहे त्यात.

यासाठी गिऱ्हाइकाने करायच्या गोष्टी त्यांनी नीट समजावल्या, आणि इथेच बहुतेक लोक माती खातात. ठिपके पुसायचे नाहीत. जेल लावलंय तिथे बाजारचा स्प्रे मारायचा नाही, खडूच्या रेघा ओढायच्या नाहीत, कारण त्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही. आणि शेगडीखालचं तेलकट, ट्रॉलीतले पिठाचे कण रोज रात्री साफ. पोट भरलेलं झुरळ जेल कशाला खाईल? हे शेवटचं माझ्यासाठी सर्वांत कठीण, कारण भाजणी दळून आली की पीठ कुठे कुठे बसतं ते मलाच ठाऊक. रात्री ओटा पुसून झाल्यावर मी आता ट्रॉलीचे रूळसुद्धा जुन्या टूथब्रशने झाडते.

पहिले काही दिवस काही फरक दिसला नाही. मग भर दुपारी झुरळं फरशीच्या मध्यावर उताणी पडून पाय झाडताना दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "याने काय दारू पाजलीय का त्यांना?" महिन्याभरात लहान झुरळ दिसेनासं झालं. एखाद्या खोक्यातून नवं येतं अधूनमधून, ते येणारच. खोकी आता जिन्यातच उघडायची आणि पुठ्ठा घरात आणायचा नाही, हा नियम त्यांनी घालून दिला. तो मी पाळते आणि दुकानदाराच्या पोऱ्यालाही पाळायला लावते.

आता कोळ्यांचं. खरं तर हे लिहायला बसले ते कोळ्यांसाठीच.

फ्रिजमागे डोकं घातलेल्या दादांनी मला बोलावून कोपऱ्यातलं एक जाळं दाखवलं. लांब काटकुळ्या पायांचा तो फिकट कोळी, प्रत्येक घरात असतो, धक्का लागला की जाळ्यात बसल्या बसल्या गरगर घुमायला लागतो, तोच. मी झाडू आणायला वळले तर म्हणाले, "थांबा वहिनी, आधी खाली काय पडलंय ते बघू." जाळ्याच्या बरोबर खाली फरशीवर बारीक कचरा होता. टॉर्चच्या उजेडात त्यातले डासांचे पंख, मुंग्यांची डोकी आणि झुरळाच्या पिल्लांच्या रिकाम्या साली वेगळ्या दिसत होत्या. ओट्याखालच्या दुसऱ्या जाळ्याखाली फक्त चिलटं. खिडकीतल्या जाळ्याखाली पावसातल्या वाळवीचे गळलेले पंख. "कोळी जिथे जेवण आहे तिथेच बसतो. तो फुकटचा सर्व्हे करून ठेवतो, आम्ही फक्त वाचायचा," असं म्हणून त्यांनी फ्रिजमागे जास्त ठिपके दिले आणि ओट्याखाली कमी. मी इतकी वर्षं जळमटं काढतेय, पण खाली काय पडलंय ते कधी कुणी बघायला सांगितलं नव्हतं.

फवाऱ्याने कोळी का मरत नाही, तेही विचारून घेतलं. झुरळ भिंतीला पोट घासत चालतं आणि मग मिशा, पाय तोंडाने साफ करत बसतं. फवाऱ्याचं सुकलेलं औषध असं त्याच्या पोटात जातं. कोळी आठ पायांच्या टोकांवर चालतो, अंगाला फारसं काही लागत नाही, आणि झुरळासारखा स्वतःला चाटून पुसूनही घेत नाही. जेलला तर तो तोंडच लावणार नाही, त्याला जिवंत हलणारी शिकार लागते. थेट अंगावर फवारा पडला तर मरेल, पण मग चप्पल काय वाईट? आणि फवाऱ्याने मरतात ते डास-चिलटं मरून पुन्हा येणार. त्यांना खाणारा मात्र गेलेला असणार.

सासूबाईंना हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. त्यांचा मुद्दा माळ्यावरच्या बयेचा होता. माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या मागे, एक तपकिरी कोळीण राहत होती. पाय पसरले की हाताच्या पंजाएवढी. ही जात जाळं विणत नाही. दिवसा फटीत चपटी होऊन बसते आणि रात्री खेकड्यासारखी आडवी धावत झुरळं पकडते. तिच्या पोटाखाली रुपयापेक्षा मोठी पांढरी चकती होती. दादा शिडीवर चढून बघून आले आणि म्हणाले, "आजी, लेकुरवाळी आहे. ती पांढरी चकती म्हणजे अंडी."

"म्हणजे उद्या घरभर होणार!"

"होतील शंभर-दोनशे. त्यातली निम्मी एकमेकांनाच खातील, उरलेली पालीच्या पोटात. पण तुम्हाला नको असेल तर नको."

त्यांनी माझा मेतकुटाचा रिकामा रुंद डबा मागून घेतला, तो तिच्यावर हळूच पालथा घातला, भिंत आणि डबा यांच्यामध्ये जुन्या कॅलेंडरचं जाड पान सरकवलं आणि ती आख्खी वरात खाली नेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी सोडून आले. बिलात याचा उल्लेख नाही. डबा मी घासून वापरला, गिऱ्हाइकांनी घाबरू नये, आता त्यात धुण्याचे चिमटे असतात.

त्या कोळिणीबद्दल सांगायचं तर तिला अंगाशी दाबलं तर ती चावू शकते, दुखतं आणि जरा सुजतं. घाबरून दवाखान्यात पळावं असं त्यात काही नाही. घरात दिसणारे आपल्याकडचे बाकीचे कोळी तर माणसाच्या वाटेलाच जात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या विषारी ब्राउन रिक्लूज कोळ्याचे फोटो आणि सडलेल्या पायाची चित्रं फिरतात तो अमेरिकेतला आहे. वर्तकनगरला तो काय करणार?

पण मग गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंच्या मानेवर लाल रेघ उठून तिच्यावर फोड आले ते काय होतं? घरात एकमताने निदान झालं: कोळी मुतला. लहानपणापासून हेच ऐकलंय सगळ्यांनी, वर तांदळाचं पीठ आणि तूप लावायचं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी विचारलं, "आजी, रात्री खिडकीशी दिवा लावून बसता का?" बसतात, पोथी वाचत. कोळ्याचा यात काही संबंध नसतो, त्या म्हणाल्या. मुंगीएवढा लांबट, लाल-काळा एक किडा असतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर दिव्यावर येतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण मानेवर बसल्यावर आपण सवयीने हात मारून चिरडतो आणि त्याच्या अंगातला द्रव कातडीवर पसरतो. त्याने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. बोट फिरेल तशी रेघ उमटते. अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, आणि जागा साबणाने लगेच धुवायची. अशीच एका बाजूला फोडांची रांग आणि आतून ठणका असेल तर ती नागीण असू शकते, तेव्हा अंदाज बांधत न बसता दाखवून घ्यायचं, असंही त्यांनी बजावलं. म्हणजे कित्येक पिढ्या कोळ्याच्या नावाने बोंब मारत आल्या, आणि करणारा भलताच. दादांना हे सांगितलं तर त्यांनी गॅलरीतला पांढरा दिवा बदलून पिवळा लावायला सांगितला. पिवळ्या दिव्यावर किडे कमी येतात. खरंच कमी आले. त्यांच्या धंद्याला यातून एक पैसा नाही.

आमच्या चिरंजीवांचा पक्ष उघडच कोळ्यांचा. खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारे ते लहान केसाळ कोळी, मान वळवून माणसाकडे बघणारे, त्याने मोबाइलला भिंग लावून त्यांचे आठही डोळे मोजलेत. त्यानेच मला सांगितलं की याच उड्या मारणाऱ्यांच्या कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण भागात सापडली आणि २०२१ मध्ये तिला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयशियस तुकारामी. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवणारे ओंबळे. हे ऐकल्यापासून सासूबाई उड्या मारणाऱ्यांना हात लावू देत नाहीत. खिडकीवरचा आपला कोळी त्याच जातीचा नाही, हे पोराने त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही.

तर सध्याचा तह असा आहे. ओट्यावर, पिठाच्या डब्यांवर आणि गिरणीच्या कोपऱ्यात एकही जाळं नको, तिथे रोज नजर. माळा, खिडकी आणि फ्रिजमागचा कोपरा कोळ्यांचा. रिकामी, धूळ बसलेली जळमटं मात्र सगळीकडचीच दर आठवड्याला लांब दांड्याच्या झाडूने काढायची. या लांब पायांच्या कोळ्याचं जाळं चिकट नसतं, धूळ बसली की तो ते टाकून शेजारी दुसरं विणतो. आपण घाण म्हणतो ती बहुतेक त्याची सोडलेली घरं. आणि ती तशीच लोंबकळत ठेवली तर आणखी एक पाहुणा येतो. बाथरूमच्या भिंतीवर करड्या रंगाचं, दोन्ही टोकांना निमुळतं, चपटं पाकीट चिकटलेलं असतं, बघावं तर जरा वेळाने पुढे सरकलेलं, ते बघितलंय ना? आत अळी असते. ती जुनी जळमटं, गळलेले केस आणि धूळ खाऊन राहते. तिच्यासाठी औषध मागितलं तेव्हाही दादांचं उत्तर तेच: झाडू.

झाडू हे त्यांचं बऱ्याच गोष्टींवरचं उत्तर आहे, आणि कधी कधी याचा वैताग येतो. मोरीच्या भिंतीवर बसणाऱ्या त्या लहान केसाळ पाखरांसारख्या माश्या, त्यांच्यासाठी काही तरी मारा म्हटलं तर म्हणाले, मारून काय होणार, त्यांच्या अळ्या जाळीखालच्या पाइपाला बसलेल्या बुळबुळीत थरात आहेत. जाळी काढा, गरम पाणी ओता आणि लांब ब्रशने पाइप आतून घासा. बरोबर आहे. केलं, गेल्या. पण पैसे भरून आपणच पाइप घासायचा हे जरा जिवावर येतं. पिठात होणाऱ्या लाल पोरकिड्यांसाठीही त्यांनी हात वर केले; खायच्या वस्तूजवळ काहीही मारणार नाही म्हणाले. त्यावर माझा उपाय मीच शोधलाय: रवा, मैदा, बेसन आणलं की चार दिवस डीप फ्रीजरमध्ये, मग डब्यात. डाळींना एरंडेल. तांदळात बोरिक पावडर घालायची आईची पद्धत होती, ती मी बंद केली आहे. विकायच्या मालात तर तिचं नावही नको. मुंग्यांवर त्यांचं जेल निम्मंच चालतं, काळ्या मुंग्या त्याला विचारत नाहीत.

तक्रारी लिहून टाकते, नाहीतर जाहिरात वाटायची. वेळेचा पत्ता नाही. अकराची वेळ घेतली तर चार वाजता येतात, आणि तोवर ट्रॉल्या रिकाम्या करून सगळी भांडी हॉलमध्ये मांडून बसलेली बाई त्यांना दारात काय ऐकवेल याची त्यांना सवय झाली आहे. बरोबर येणारा पोरगा नवा आहे; त्याने पांढऱ्या सनमायक्यावर दर्शनी बाजूला जेलचे ठिपके दिले, ते सुकून तपकिरी डाग बसले ते अजून निघत नाहीत. दादांनी स्वतः लावलेले ठिपके शोधूनही सापडत नाहीत. तेव्हा मोठे दादा स्वतः येणार असतील तरच वेळ घ्या. आणि वाळवीचा भाव त्यांनी सांगितला तो मला जास्त वाटला. भिंत आणि फरशी मिळते तिथे फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडायचं काम आहे, मेहनत आहे, मान्य. पण आमच्या दाराच्या एका चौकटीसाठी त्यांनी सगळ्या घराचा हिशेब मांडला. ते काम मी अजून दिलेलं नाही. चौकटीवर मातीची नवी नळी दिसते का ते बघत असते.

पैशांचं: जेलचा वर्षाचा करार, त्यात तीन फेऱ्या, वन बीएचकेला अडीच हजारांच्या आतबाहेर, वर १८ टक्के जीएसटी. पक्कं बिल देतात, त्यावर वापरलेल्या औषधाचं नाव आणि प्रमाण लिहितात. माझ्या फूड लायसन्सच्या फाइलला ते लागतं. परवानाही न मागता दाखवला. घरोघरी जाऊन कीटकनाशक मारायचा धंदा करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. बाटली बघायला मागा. वेष्टणावर रंगाचा त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. कुणी बिननावाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून ओतायला लागला आणि डोकं उठवणारा तो जुना ओळखीचा वास आला तर तिथेच थांबवा. पूर्वी घरोघरी मारायचे ते डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे.

ज्यांना संध्याकाळपर्यंत घरातलं हलणारं सगळं मेलेलं हवंय त्यांनी यांना बोलावू नये, भांडणं होतील. ढेकणांसाठीही मी यांचं नाव घेणार नाही. मला तो अनुभव नाही. लहान झुरळांनी नाकी नऊ आणले असतील, घरात म्हातारी माणसं किंवा रांगणारं मूल असेल, खायच्या जिनसांचं काम चालत असेल तर अशा प्रकारचं काम करणारा माणूस शोधा.

आमची पुढची फेरी गणपतीच्या आधी लावून घेतली आहे. त्यांनी रविवार देऊ केला होता, तो मी घेतला नाही, रविवारी भाजणीचं धान्य भाजायचं असतं. मंगळवारी सकाळी अकराला येतो म्हणाले आहेत. दुपारचं जेवण उरकून, चारच्या सुमाराला ट्रॉल्या रिकाम्या करायला घेईन.